भाजलेल्या दाण्याचा इतिहास : बुलडाणा जिल्ह्यातील फुटाणे, लाह्या आणि भडभुंज्याची भट्टी

गोषवारा

धान्य किंवा बी भाजून ते सहज खाद्य म्हणून खाण्याची प्रथा जगातील अनेक समाजांत आढळते. चीनमध्ये कलिंगडाच्या व सूर्यफुलाच्या बिया, तर महाराष्ट्रात हरभऱ्याचे फुटाणे, ज्वारीच्या व साळीच्या लाह्या, मुरमुरे आणि भाजक्या शेंगा ही ह्या प्रथेची प्रमुख रूपे होत. प्रस्तुत लेखात बुलडाणा जिल्हा केंद्रस्थानी ठेवून ह्या खाद्याची भाषिक, सामाजिक, धार्मिक व तांत्रिक बाजू स्पष्ट केली आहे. भाजलेला दाणा हा शेत आणि स्वयंपाकघर ह्यांच्या मधल्या टप्प्यावर, म्हणजे बाजारात व वाटेवर वाढलेला आहार आहे. त्यामुळेच तो तयार करणारा कारागीर गावगाड्याच्या जुन्या वर्णनांतही आला नाही आणि नव्या योजनांच्या यादीतही आला नाही, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : फुटाणे, लाह्या, भडभुंजा, भट्टी, वऱ्हाड, खाद्यसंस्कृती, गुलाबी हरभरा.

१. प्रस्तावना

खाद्यसंस्कृतीचा अभ्यास करताना संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने जेवणाकडे जाते. पोळी, भाकरी, भात, वरण, सणावाराची पक्वान्ने ह्यांवर विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु दोन जेवणांच्या मधल्या वेळेत जे खाल्ले जाते, ज्यासाठी पान मांडावे लागत नाही, जे ओंजळीतून, खिशातून किंवा पदराच्या गाठीतून तोंडात जाते, त्या खाद्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही. फुटाणे हे अशा खाद्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. ‘चणे-कुरमुरे’ हा शब्दप्रयोग मराठीत किरकोळ, बिनमोलाच्या वस्तूसाठी रूढ झाला, ह्यातच ह्या उपेक्षेचे कारण सामावलेले आहे.

बुलडाणा जिल्हा हा वऱ्हाडचा पश्चिमेकडील भाग. उत्तरेस सातपुड्याची रांग, मध्ये पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आणि दक्षिणेस अजिंठा डोंगररांगेच्या माथ्यावरील घाटावरचा प्रदेश अशी त्याची रचना आहे. खरिपात पूर्वी ज्वारी व कापूस आणि अलीकडच्या दशकांत सोयाबीन, तर रब्बीत हरभरा व गहू ही येथील महत्त्वाची पिके होत. भाजून खाण्यास योग्य असे धान्य ह्या जिल्ह्यात मुबलक पिकत आले आहे. शेगावसारखे तीर्थक्षेत्र, खामगावसारखी कापसाची पेठ आणि मलकापूर, नांदुरा, जलंब ही लोहमार्गावरील स्थानके ह्यांमुळे वाटसरू, यात्रेकरू व मजूर ह्यांची वर्दळही येथे कायम राहिली. भाजलेल्या दाण्याच्या अभ्यासासाठी हा जिल्हा म्हणूनच उपयुक्त ठरतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

(१) भाजलेल्या धान्याशी संबंधित मराठी शब्दसंपदेचा मागोवा घेणे. (२) ह्या खाद्याचे सामाजिक व धार्मिक स्थान स्पष्ट करणे. (३) फुटाणे तयार करण्याच्या प्रक्रियेमागील शास्त्र समजून घेणे. (४) चीनमधील बिया खाण्याच्या प्रथेशी तुलना करून स्थानिक प्रथेचे वेगळेपण दाखविणे. (५) भडभुंज्याच्या व्यवसायाच्या सद्यःस्थितीतील प्रश्नांकडे लक्ष वेधणे.

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व ऐतिहासिक स्वरूपाचा असून तो कोश, वसाहतकालीन जातिवर्णने, कृषी व आहारविषयक साहित्य ह्या दुय्यम साधनांवर आणि प्रचलित लोकाचारांवर आधारलेला आहे.

३. शब्दांतून दिसणारा इतिहास

भाजलेल्या धान्याचा भारतीय इतिहास किती जुना आहे, ह्याची साक्ष शब्दच देतात. वैदिक वाङ्मयात ‘धाना’ म्हणजे भाजलेले धान्य, ‘सक्तु’ म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ आणि ‘करंभ’ म्हणजे भरडलेल्या धान्याचे दह्यात कालवलेले मिश्रण ह्यांचे उल्लेख येतात. ‘लाजा’ म्हणजे भाजून फुललेले धान्य. मराठीतील ‘लाही’ हा शब्द ‘लाजा’पासून, ‘सातू’ हा ‘सक्तु’पासून आणि ‘पोहा’ हा ‘पृथुक’पासून आला आहे. वऱ्हाडी बोलीत लाह्यांना ‘लाया’ म्हटले जाते. त्या उच्चारात मूळ शब्दाचा धागा आजही टिकून आहे.

धान्य भाजण्याच्या भांड्याला संस्कृतात ‘भ्राष्ट्र’ अशी संज्ञा आहे. उत्तर भारतात त्यावरून ‘भाड’ हा शब्द तयार झाला आणि भाडात धान्य भुंजणारा, म्हणजे भाजणारा तो ‘भडभुंजा’ ठरला. मराठीतील ‘भट्टी’ ह्या शब्दाचे मूळही ह्याच कुळात मानले जाते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत भडभुंजा हा शब्द नोंदविलेला आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा व्यवसाय मराठी प्रदेशात पुरेसा परिचित झाला होता.

‘फुटाणा’ हा शब्द मात्र अस्सल मराठी घडणीचा आहे. ‘फुटणे’ ह्या क्रियापदावरून तो तयार झाला असून दाण्याचे टरफल तडकण्याच्या क्रियेवरच त्याचे नाव पडले आहे. संस्कृतातून आलेले शब्द पदार्थ काय आहे ते सांगतात, तर हा शब्द भट्टीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाने काय पाहिले व ऐकले ते सांगतो. उन्हाने वा संतापाने अंगाची ‘लाहीलाही होणे’ हा वाक्प्रचारही तेथूनच आला. तापलेल्या रेतीत पडलेल्या दाण्याची अवस्था ज्याने रोज पाहिली, त्यालाच अशी उपमा सुचू शकते.

४. सण, व्रत आणि वारी

भाजलेल्या धान्याचे धार्मिक स्थान दोन प्रकारचे आहे. पहिले विधीतील. विवाहसंस्कारातील लाजाहोमात वधूच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो आणि त्या अग्नीत अर्पण केल्या जातात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या व बत्तासे असतात. श्रावणातील शुक्रवारी जिवतीच्या पूजेनंतर सवाष्णींना हळदीकुंकू लावून दूध-साखर व फुटाणे देण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे. नागपंचमीला लाह्या, फुटाणे व दूध ह्यांचा नैवेद्य दाखविला जातो. ह्या दिवशी चिरणे, कापणे, तवा ठेवणे वर्ज्य मानले जात असल्याने लाह्या आदल्या दिवशीच भाजून ठेवाव्या लागतात. चूल विश्रांती घेते त्या दिवशी खाण्यासाठी आधीच अग्निसंस्कार झालेला पदार्थ लागतो, हा साधा व्यवहार ह्या रूढीमागे दिसतो. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘जय संतोषी माँ’ ह्या चित्रपटानंतर संतोषी मातेच्या शुक्रवारच्या व्रताचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला आणि गूळ-फुटाण्यांना आणखी एक वार मिळाला.

दुसरे स्थान वाटेवरचे, म्हणजे यात्रा-वारीतले आहे. शेगाव येथे गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रकट झाले व ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली, असे मानले जाते. शेगावहून आषाढीसाठी पंढरपूरला जाणारी पालखी सुमारे महिनाभर पायी चालते. पावसाच्या तोंडावर एवढी वाट चालणाऱ्याला लागणारे खाद्य हलके, कोरडे, न आंबणारे आणि चुलीशिवाय खाता येण्याजोगे असावे लागते. पंढरपूरच्या प्रसादात मुरमुरे, फुटाणे, डाळे व बत्तासे असण्याचे कारण हेच होय. टरफल काढलेल्या फुटाण्याच्या डाळीला महाराष्ट्रभर ‘पंढरपुरी डाळे’ हे नाव पडावे, ह्यातून तीर्थक्षेत्राच्या बाजाराने ह्या खाद्याच्या प्रसाराला लावलेला हातभार दिसून येतो. घरी परतलेल्या वारकऱ्याच्या पिशवीतून हा प्रसाद ज्यांच्याकडे जातो, त्यांच्यापर्यंत तो अनेक दिवसांनी पोहोचतो आणि तरीही तो कुरकुरीत असतो.

ही बाब एकाच धर्मापुरती मर्यादित नाही. होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानी बाबांच्या यात्रेसारख्या दर्ग्याच्या यात्रांतही रेवड्या, फुटाणे, मुरमुरे ह्यांची दुकाने लागतात व शिरनी म्हणून ते वाटले जातात. मंदिराचा प्रसाद व दर्ग्याची शिरनी ह्यांत समान असणारे जे थोडे पदार्थ आहेत, त्यांत भाजलेल्या दाण्याची गणना करावी लागते.

५. सोवळ्याच्या चौकटीबाहेरचे अन्न

हा समानपणा कसा शक्य झाला, ह्याचे उत्तर जुन्या आचारधर्मात सापडते. पाण्यात शिजविलेले अन्न, विशेषतः भात व पोळी, हे ‘खरकटे’ मानले जाई आणि ते कोणाच्या हातचे घ्यावे ह्याविषयी जातीजातींत कडक निर्बंध होते. कोरड्या रेतीत भाजलेला दाणा मात्र सामान्यतः ह्या निर्बंधांत येत नसे. त्यामुळे भडभुंज्याच्या हातचे फुटाणे प्रवासात, बाजारात, देवळाच्या ओट्यावर कोणीही विकत घेऊन खाऊ शके. ज्या काळात सार्वजनिक ठिकाणी शिजविलेले अन्न एकत्र बसून खाणे जवळजवळ अशक्य होते, त्या काळात फुटाणे हे खऱ्या अर्थाने बाजाराचे अन्न होते.

तथापि ह्याचा अर्थ ह्या व्यवहारात विषमता नव्हती असा घेता येणार नाही. पदार्थ स्वीकारार्ह ठरला म्हणून तो करणाऱ्याची प्रतिष्ठा वाढली नाही. रसेल व हिरालाल ह्यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या चार खंडांच्या ग्रंथात भडभुंजा जातीवर स्वतंत्र टिपण आहे. त्यात ही जात प्रामुख्याने प्रांताच्या उत्तरेकडील जिल्ह्यांत राहणारी व मूळची उत्तर भारतातील असल्याचे सांगितले आहे. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले होते. वऱ्हाडातील बाजारपेठांत ह्या व्यवसायाचे नाव उत्तर भारतीय वळणाचे आणि पदार्थाचे नाव मात्र मराठी, असा जो संयोग दिसतो, त्याचा उलगडा ह्यावरून होतो.

गावगाड्याच्या रचनेत बारा बलुतेदारांना वतन व बलुते होते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट इत्यादींची नावे त्या यादीत येतात. भडभुंज्याचे नाव रूढ याद्यांत आढळत नाही. शेती चालण्यासाठी लोहार अपरिहार्य होता, भडभुंजा नव्हता. तो गावाचा नव्हे, पेठेचा कारागीर होता. त्याचे उत्पन्न सुगीच्या खळ्यावर नव्हे, तर रोजच्या गिऱ्हाइकावर अवलंबून असे. गिऱ्हाइकाने आणलेले धान्य भाजून द्यायचे आणि मोबदला पैशात किंवा त्याच धान्याच्या हिश्शात घ्यायचा, ही ह्या व्यवसायाची जुनी रीत होती. ज्या घरात सरपण बेताचे, त्या घराच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. एका भट्टीच्या आचेवर अनेक घरांचे धान्य भाजले जाई. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर भट्टी ही इंधनाची काटकसर करणारी सामाईक सेवा होती.

६. भट्टीमागील शास्त्र

फुटाणे करणे ही वरवर साधी दिसणारी क्रिया प्रत्यक्षात बऱ्याच नेमकेपणाची आहे. प्रथम हरभरा चाळून एकसारख्या आकाराचे दाणे वेगळे केले जातात. लहान व मोठे दाणे एकत्र भाजल्यास लहान करपतात व मोठे कच्चे राहतात. त्यानंतर दाण्यांवर पाणी शिंपडून किंवा ते थोडा वेळ भिजवून, ढीग करून, गोणपाटाखाली झाकून ठेवतात. ह्याला दाणा मुरविणे म्हणतात. मुरविल्याने ओलावा टरफलापाशी न थांबता आतपर्यंत सारखा पोहोचतो. मग दाण्याला एकदा सौम्य आच देऊन विसावा दिला जातो आणि शेवटी तो अतिशय तापलेल्या रेतीत टाकला जातो.

रेतीचे तापमान पाणी उकळण्याच्या तापमानाच्या दुपटीच्या आसपास असते आणि दाणा तिच्यात फार तर मिनिट-दीड मिनिट राहतो. कढईच्या तळाला दाण्याचा एकच बिंदू टेकतो. रेतीत मात्र तो सर्व बाजूंनी वेढला जातो. म्हणून उष्णता चहूकडून सारखी व झपाट्याने मिळते. आतील ओलाव्याची वाफ होते, तिचा दाब टरफलाला सोसत नाही आणि ते तडकते. हाच फुटाणा. लगेच झाऱ्याने उपसून चाळणीवर रेती गाळली जाते व ती पुन्हा कढईत जाते. गरम फुटाणा दाबाखाली घासला की टरफल सुटून डाळे मिळते. खारे फुटाणे करताना हळद-मिठाच्या पाण्याचा हात दिला जातो.

लाहीचे तत्त्वही असेच, परंतु तेथे स्फोट अधिक जोराचा असतो. मक्याच्या बाबतीत हे नेमके मोजले गेले आहे. दाण्यात सुमारे १४ टक्के ओलावा असताना आणि तापमान १८० अंश सेल्सियसच्या आसपास गेले असता आतील दाब वातावरणाच्या सुमारे नऊ पट होतो व दाणा उलटून फुलतो. ज्वारीच्या लाह्या करताना गृहिणी आदल्या रात्री ज्वारीवर पाणी शिंपडून ती झाकून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कढईत कापडाच्या बोळ्याने हलवीत भाजतात. ओलावा कमी असेल तर दाणा करपतो, जास्त असेल तर मऊ पडतो. आकड्यांत न मांडलेले हे ज्ञान हाताच्या सवयीने पिढ्यानपिढ्या चालत आले आहे.

प्रत्येक हरभरा फुटाण्याला सारखाच चालत नाही, ही बाबही महत्त्वाची आहे. महाराष्ट्रातील कृषी मार्गदर्शक साहित्यात देशी, काबुली, हिरवा व गुलाबी असे हरभऱ्याचे प्रकार सांगितले जातात. त्यांपैकी गुळगुळीत, गोलसर व टपोऱ्या दाण्याचा गुलाबी हरभरा फुटाण्यासाठी योग्य मानला जातो. गुलक-१ व डी-८ ही त्या प्रकारातील वाणांची नावे होत. डाळीसाठी पेरलेला सुरकुतलेला देशी हरभरा आणि फुटाण्यासाठीचा गुळगुळीत हरभरा हा भेद शेतकरी, व्यापारी व भट्टीवाला ह्या तिघांनाही परिचित होता. बाजारात केवळ वजन व दर शिल्लक राहिले की असे भेद प्रथम नाहीसे होतात.

आहारदृष्ट्याही फुटाण्यांचे मोल मोठे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम भाजलेल्या हरभऱ्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने व सुमारे ३७० किलोकॅलरी ऊर्जा असते, तर स्निग्धांश ५ ग्रॅमच्या आसपास असतो. भाजल्याने कच्च्या कडधान्यातील पचनास अडथळा करणारे काही घटक निष्प्रभ होतात. तेलाचा थेंबही न वापरता, थंडपेटीशिवाय टिकणारे, मजुराला परवडणारे एवढे प्रथिनयुक्त खाद्य दुसरे क्वचितच सापडेल.

७. शेतातला भाजणारा हंगाम

भट्टीपूर्वीचे आणि भट्टीबाहेरचे भाजणे अद्याप शेतात टिकून आहे. ज्वारीचे कणीस दुधाळ अवस्थेतून घट्ट होऊ लागले की ते आगटीत भाजून त्याचा हुरडा केला जातो. हरभऱ्याचे घाटे भरले की झाडेच्या झाडे काडीकचऱ्याच्या जाळावर धरून हुळा केला जातो. भुईमुगाच्या शेंगाही अशाच भाजल्या जातात. ह्याखेरीज चिंचोके भाजून चघळणे, भोपळ्याच्या व टरबुजाच्या बिया वाळवून भाजणे, जवस व तीळ भाजून चटणी किंवा मुखवासासाठी वापरणे ह्या घरगुती प्रथाही परिचित आहेत.

ह्या सर्वांत हुरड्याचे स्थान बदलले आहे. पूर्वी हुरडा हा शेतकऱ्याच्या घरचा सहज आहार होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून जिल्ह्यात सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले व ज्वारीचे आक्रसत गेले. परिणामी हुरडा ही अनेक ठिकाणी निमंत्रण देऊन, पैसे मोजून करावयाची मेजवानी झाली आहे. शेतातला दाणा कमी झाला की त्यावर आधारलेला सहजपणाही संपतो. पदार्थ नाहीसा होत नाही. त्याचा वर्ग बदलतो.

८. तुलना : चीनमधील बिया

भाजलेल्या बियांचा सर्वाधिक विकसित इतिहास चीनचा आहे. कलिंगड तेथे दहाव्या शतकाच्या सुमारास पोहोचले. वांग झेन ह्याच्या १३१३ च्या कृषिग्रंथात कलिंगडाच्या वाळविलेल्या बियांचा गर चहासोबत देण्याचा उल्लेख आहे. मिंग राजघराण्यातील वानली ह्या सम्राटाला मीठ लावून भाजलेल्या कलिंगडाच्या बिया आवडत, अशी नोंद दरबारातील एका सेवकाने लिहून ठेवली आहे. सूर्यफूल अमेरिका खंडातून आले व विसाव्या शतकात त्याच्या बियांनी कलिंगडाच्या बियांना मागे टाकले. चिनी नववर्ष, चहाघरे, रेल्वेचा दीर्घ प्रवास, नाट्यगृहे ह्या सर्व ठिकाणी दाताने टरफल फोडून एकेक बी खाण्याची सवय रूढ झाली. फंग झिकाई ह्या लेखक-चित्रकाराने १९३४ साली ह्या सवयीवर उपरोधिक निबंध लिहिला व देशाचा वेळ कसा खर्ची पडतो ह्याकडे लक्ष वेधले.

ह्या तुलनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, खाण्याची रीत वेळेचा हिशेब सांगते. चीनमधील बी एकेक करून फोडावी लागते. पोट भरणे हा तिचा हेतू नसतो, वेळ घालविणे हा असतो. वऱ्हाडातील फुटाणा मुठीने खाल्ला जातो. तो ज्याच्याकडे जेवायला वेळ नाही त्याचा, म्हणजे वाटसरूचा, हमालाचा, निंदणीला गेलेल्या बाईचा आधार आहे. मुंबईकडून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० च्या दशकात जिल्ह्यातून पुढे गेला आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव ही शाखा सुरू झाली. कापसाच्या हंगामात पेठेत येणारे गाडीवान, हमाल व मजूर ह्यांना तयार कोरड्या खाद्याची गरज भासत असणार, असे मानण्यास जागा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, पीक आले तरी सवय येतेच असे नाही. भारतात सूर्यफुलाची तेलबिया म्हणून लागवड १९६९ पासून सुरू झाली आणि महाराष्ट्रातही ती पसरली. परंतु येथे सूर्यफुलाची बी थेट तेलघाण्याकडे गेली. ती भट्टीकडे वळली नाही. भाजून खाण्याची जागा हरभऱ्याने आधीच व्यापलेली होती, हे त्याचे एक संभाव्य कारण होय.

चीनच्या अनुभवातील आणखी एक प्रसंग येथे उद्बोधक ठरतो. आन्हुई प्रांतातील वुहू शहरात न्यान ग्वांगज्यु हा निरक्षर फेरीवाला ‘वेड्याच्या बिया’ ह्या नावाने भाजलेल्या बिया विकत असे. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याने शंभरहून अधिक मजूर कामाला लावले. समाजवादी देशात एका खासगी व्यक्तीने इतके मजूर ठेवावेत काय, असा वाद निर्माण झाला. १९८४ मध्ये खुद्द डेंग झ्यावपिंग ह्यांनी त्याला हात लावू नये, असे मत दिले. भाजलेल्या बियांचा विक्रेता तेथे राष्ट्रीय आर्थिक धोरणाच्या चर्चेचा विषय झाला. आपल्याकडे भडभुंज्याच्या व्यवसायावर धोरणात्मक चर्चा क्वचितच झाली.

९. व्यवसायापुढील प्रश्न

भट्टीचा व्यवसाय आज तिहेरी पेचात आहे. पहिला पेच बाजाराचा. रंगीत पाकिटातील तळलेले पदार्थ खेड्यातील प्रत्येक दुकानात पोहोचले आहेत. कागदाच्या पुडीतील फुटाण्यांना जाहिरात नाही. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण जुनी झाली. आता दात व चणे दोन्ही असूनही मुलांचा हात पाकिटाकडे जातो.

दुसरा पेच आरोग्याचा. भट्टीसमोर बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला दिवसभर धग, धूर व रेतीची धूळ येते. पदार्थाचे पोषणमूल्य सांगताना तो तयार करणाऱ्याच्या फुप्फुसांचा विचार क्वचितच होतो. दुसऱ्या बाजूला, पिवळाधमक रंग म्हणजे चांगला माल ह्या ग्राहकाच्या समजुतीमुळे भेसळीला वाव मिळतो. मेटॅनिल यलो व ऑरामिन हे रंग अन्नपदार्थांत वापरण्यास परवानगी नाही. चांगल्या फुटाण्याचा रंग फिकट, किंचित करपल्या डागांचा असतो, हे सांगणे हा ग्राहक-शिक्षणाचा भाग होणे आवश्यक आहे.

तिसरा व सर्वांत मूलभूत पेच नोंदीचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत पारंपरिक कारागिरांचे १८ व्यवसाय समाविष्ट केले गेले. त्यांत सुतार, लोहार, कुंभार, सोनार, न्हावी, परीट, शिंपी, माळा करणारे, एवढेच नव्हे तर मासेमारीचे जाळे विणणारेही आहेत. धान्य भाजणाऱ्याचा समावेश त्या १८ व्यवसायांत नव्हता. बलुतेदारांच्या यादीत नसलेला कारागीर शंभर वर्षांनंतरच्या यादीतही आला नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. भट्टी ही निश्चितच सूक्ष्म अन्नप्रक्रिया आहे. परंतु प्रकल्प अहवाल, बँकेचे कर्ज व अन्न परवाना ह्या पायऱ्या ज्याला चढता येतात, त्यालाच अशा योजनेचा लाभ मिळतो. यंत्रभट्टी घेणारा उद्योजक त्या चढू शकतो. रेतीची कढई सांभाळणारा कारागीर बहुधा नाही.

१०. निष्कर्ष

(१) लाही, सातू, पोहा हे शब्द भाजलेल्या धान्याची दीर्घ परंपरा दर्शवितात, तर ‘फुटाणा’ हा शब्द त्या परंपरेतील मराठी निरीक्षण दर्शवितो.

(२) बुलडाणा जिल्ह्यात भाजलेला दाणा प्रामुख्याने श्रम, प्रवास व वारी ह्यांच्याशी निगडित राहिला. चीनमधील बियांप्रमाणे तो फुरसतीचे चिन्ह झाला नाही.

(३) कोरडे भाजलेले अन्न सोवळ्याच्या निर्बंधांत येत नसल्याने ते विविध जाती-धर्मांत सामाईक झाले. मात्र ते करणाऱ्याला त्याचे सामाजिक श्रेय मिळाले नाही.

(४) दाण्याची निवड, मुरविणे, आचेचा अंदाज हे भट्टीवरील ज्ञान मौखिक असल्याने कारागिराबरोबरच ते लुप्त होण्याचा धोका आहे.

(५) ह्या ज्ञानाच्या नोंदीचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगे आहे. मराठी विभागाने भट्टीवरील शब्दसंग्रह, गृहअर्थशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी पोषणमूल्य व भेसळ तपासणी, समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी कारागिरांची स्थिती असे विषय प्रकल्पलेखनासाठी घेतल्यास तालुकानिहाय माहिती उपलब्ध होऊ शकेल. कोणत्याही योजनेच्या यादीत नाव येण्यापूर्वी ते कोणीतरी लिहून ठेवावे लागते. भडभुंज्याच्या बाबतीत नेमके तेवढेच राहून गेले आहे.